उन्हाळ्यात समृद्धीवरून नागपूर : टायरमध्ये हवा किती ठेवावी?

ठाणेकर_चालक

मे महिन्यात ठाण्याहून समृद्धीमार्गे नागपूरला जायचं आहे. चार मोठी माणसं आणि डिकीभर सामान. गाडी हॅचबॅक, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना. टायर ट्यूबलेस, १८५/६५ आर१५ ८८एच. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलंय, पूर्ण भाराला मागे ३६. पंपावर हवा भरणारे म्हणतात, उन्हाळ्यात हवा फुगते, २८ च ठेवा, नाहीतर टायर फुटेल. हे बरोबर आहे का?

शिवाय पुढचा डावा टायर आतल्या कडेला जास्त घासलाय, बाहेरून मात्र चांगला दिसतो. चारही टायरांवर १४२० असा आकडा आहे. निघण्याआधी काय काय करून घेऊ?

घाटवाट

२८ अजिबात ठेवू नका. चाक तापलं की दाब वाढतो हे खरंच आहे, पण ती वाढ धरूनच कंपनीने स्टिकरवरचा आकडा दिलेला असतो. सकाळी ३० अंशांना ३३ भरलेला टायर आतून ६० अंशांपर्यंत तापला तर दाब ३७-३८ वर जातो. धडधाकट टायर तो सहज सोसतो. (टायरच्या बाजूवर ४४ किंवा ५१ असा आकडा असेल, तर ती कमाल मर्यादा आहे. तेवढी हवा भरायची नसते.)

टायरला मारते ती कमी हवा. हवा कमी असली की जमिनीला टेकणारा भाग जास्त दबतो आणि प्रत्येक फेऱ्याला टायरची बाजू जास्त वाकते. समृद्धीवर वेगमर्यादा ताशी १२० ची आहे. तुमच्या मापाचं चाक त्या वेगाला मिनिटाला हजारावर फेरे मारतं. म्हणजे तितक्या वेळा रबर वाकतं, सरळ होतं आणि ही सगळी उष्णता आतूनच तयार होते. मग टायरच्या आतले तारांचे पट्टे आणि रबर यांची पकड सुटते, आणि टायर फाटतो. सरळ रस्ता, तासन् तास तोच वेग, वर ऊन, त्यामुळे टायरला थंड व्हायला उसंतही मिळत नाही.

तेव्हा पुढे ३३, मागे ३६. पण हे आकडे थंड टायरचे. गाडी किमान तीन तास उभी असावी. पंप चार-पाच किलोमीटरवर असेल तर तिथे पोहोचेपर्यंत टायर तापतो आणि मीटर जास्त दाखवतो. म्हणून हवा मोजायचा स्वतःचा गेज घ्या आणि सकाळी घरीच मोजा. समजा घरी २९ दिसले, पाहिजेत ३३, म्हणजे ४ कमी. पंपावर तोच टायर ३१ दाखवत असेल तर ३५ पर्यंत भरा. आणि वाटेत तापलेल्या टायरमधून हवा कधीही सोडू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी तो कमी भरलेला.

थांबाल तेव्हा चारही टायरांजवळ हात नेऊन बघा. एकाच चाकाचं रबर इतरांपेक्षा जास्त गरम लागलं तर तिथे हवा कमी आहे. रिमच तापलेली असेल तर ब्रेक चिकटतोय.

नक्षी_आणि_कड

हवेचं वर आलंच आहे. मला त्या आतल्या कडेची जास्त काळजी वाटते.

टायर मधोमध घासला तर हवा जास्त, दोन्ही कडांना घासला तर कमी. एकाच कडेला घासला तर चाकाचा कोन बिघडलेला. पण थेट अलाइनमेंटला (चाकांचे कोन जुळवून घ्यायला) जाऊ नका. आधी गाडी जॅकवर घेऊन लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड हे चाक धरून ठेवणारे आणि वळवणारे सांधे तपासून घ्या. चाक वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे धरून हलवलं की ढिलाई कळते. सुटा भाग तसाच ठेवून केलेलं अलाइनमेंट पहिल्या मोठ्या खड्ड्यात बिघडतं. अलाइनमेंटच्या वेळी चारही टायरांत हवा बरोबर असावी, आणि आधीचे-नंतरचे आकडे छापलेला कागद मागून घ्या.

स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि टॉर्च लावून आतली कड बघा. तिथे तारा दिसत असतील किंवा बाजूला फुगा आला असेल तर तो टायर पुन्हा वापरू नका. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेत, त्यावर दुरुस्ती नाही. खाचांमध्ये आडव्या उंच पट्ट्या असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की १.६ मिलिमीटर उरलं आणि टायर कायद्यानेही बाद. मी ३ मिलिमीटरलाच बदलायला सांगेन, कारण परत आल्यावर पावसाळा तोंडावर असेल आणि उथळ खाचांतून पाणी बाहेर पडत नाही.

१४२० म्हणजे २०२० चा चौदावा आठवडा. पाच वर्षं उलटली की दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासावेत. खाचांच्या तळाशी किंवा बाजूला भेगा असतील तर नक्षी (रस्त्याला टेकणाऱ्या भागावरच्या खाचा) कितीही उरलेली असो, या प्रवासाला ते नकोत.

ठाणेकर_चालक

धन्यवाद. टाय रॉड एंड ढिला निघाला, तो बदलून अलाइनमेंट होईल. डाव्या टायरच्या तारा दिसताहेत, उजवाही जेमतेम आहे. मागचे दोन ठीक, भेगा नाहीत. दोन नवे घेतोय, ते पुढेच टाकायचे ना? आणि नायट्रोजन भरावा का?

घाटवाट

नवे मागे टाका, मागचे पुढे आणा. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की बहुधा हाती येते. मागची सुटली तर गाडी गिरकी घेते आणि ती सावरणं फार अवघड. माप तेच घ्या आणि ८८एच पेक्षा खाली उतरू नका. ८८ म्हणजे प्रत्येक टायरला ५६० किलोपर्यंत भार, एच म्हणजे ताशी २१० पर्यंतचा वेग. नव्या टायरबरोबर रबरी व्हॉल्व्हही नवे घालायला सांगा आणि बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) करून घ्या.

नायट्रोजनने बिघडत काही नाही, पण साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच. एकदा भरला म्हणून महिन्याची तपासणी टाळू नका. वाटेत साधी हवा भरली तरी चालते.

नक्षी_आणि_कड

चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे. एअर गनने ठोकून घट्ट केलेले नट वाटेत पान्ह्याने सुटत नाहीत, म्हणून शेवटचं आवळणं टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्ह्याने) करायला सांगा. आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळेल. ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा.

स्टेपनीत ३६ भरून ठेवा. तुमची स्टेपनी अरुंद असेल तर तिच्यावर छापलेला दाब भरा (बहुधा ६० असतो) आणि ताशी ८० च्या वर वेग नेऊ नका.

पंक्चर नक्षीच्या भागात आणि ६ मिलिमीटरपर्यंत असेल तरच दुरुस्त होतं. बाहेरून भोकात घातलेली रबरी वात तात्पुरती समजा, मुक्कामी टायर उतरवून आतून मशरूम पॅच (भोकात बसणाऱ्या दांडीचं ठिगळ) लावून घ्या. बिनहवेचा टायर थोडा जरी चालवला गेला असेल तर उतरवल्यावर आतली बाजू हाताने तपासायला लावा. काळी रबरी भुकटी निघाली तर बाजू आतून कुटली गेली आहे, त्याला पॅच लावून उपयोग नाही.