सखू, सावता, सोपान... संताचं नाव लागलेल्यांनो, अनुभव सांगा

कृष्णाकाठची
भावाला मुलगा झालाय. रविवारी कराडला बारसं, आणि काल रात्री नावावरून घरात जुंपली. वहिनीचं माहेर मोडनिंबकडचं, सावता माळ्यांचं अरण तिथून जवळ. तिला 'सावता' हवंय. आई म्हणते शाळेत 'सावत्या' करतील. दादा मध्येच 'रिआन' घेऊन बसलाय.

ऐकता ऐकता मला आत्या आठवली. सखुबाई. कराडात राहून हे नाव म्हणजे विचारूच नका. संत सखू इथलीच. सासूनं खांबाला बांधलं, विठोबा तिच्या रूपात घरी राबला आणि ही पंढरीला गेली, ही गोष्ट इथं शेंबड्या पोराला पाठ. आत्या जरा उशिरा घरी आली की चुलते म्हणायचे, आलीस का पंढरपूर करून? नोकरी लागल्यावर तिनं सगळ्यांना 'सुरेखा' सांगायला सुरुवात केली. पगारपत्रकावर मात्र सखुबाईच. आता रिटायर झालीय, भजनी मंडळात पेटी वाजवते आणि तिथं परत सखू.
तुमचं काय मत? ठेवावं का असं नाव? कुकर लावलाय, येते.

वेणू_मिरज
माझं समर्थ रामदासांच्या शिष्या वेणाबाईंवरून. आजी रोज मठात जायची, तिनंच ठेवलं. मला भारी आवडतं. बालविधवा बाई त्या काळात उभी राहून कीर्तन करते, 'सीतास्वयंवर' लिहिते, अजून काय पाहिजे! पुण्यातल्या ऑफिसात मात्र व्हेन्यू, वीणा, वेणी काहीही चालतं. एकानं तर गाडीचं मायलेज विचारलं.

वाळव्याचा_पैलवान
यात जुनाट काय हाय? आमच्याकडं मच्छिंद्रगड जवळ, शिराळ्याला गोरक्षनाथ. गल्लीत गोरख म्हणून हाक मारा, चार माना वळत्यात. मच्छिंद्र, जालिंदर, समदी हायत. रिआनला हाक मारून बघा रानातनं, कोण वळतंय ते.

वेणू_मिरज
😂😂 रानातनं हाक

फलटणची_सून
आमच्याकडे माऊलींची पालखी असताना पोरगं झालं की नाव ठरलेलंच. दीर असाच, चांदोबाच्या लिंबाला रिंगण चाललेलं आणि इकडं सासूबाई दवाखान्यात. ज्ञानेश्वर. चिडवणं वगैरे सोडा हो, खरा ताप इंग्रजी स्पेलिंगचा. आधारवर 'डी एन' ने सुरू, दहावीच्या मार्कलिस्टवर 'डी वाय', पॅनवर 'जी एन'. पासपोर्टच्या वेळी प्रतिज्ञापत्रं करून करून जीव गेला. सावताला ती भानगड नाही, त्या हिशोबानं उत्तम नाव.

विट्याच्या_बाई
प्राथमिकला शिकवते. वर्गात शौर्य इतके की आडनावानं हाक मारावी लागते. एक सोपान आहे, त्याला कोणी काही म्हणत नाही, उलट लक्षात राहतो. पोरांना चिडवायचंच असेल तर कुठल्याही नावाचं यमक जुळवतात. विहानचं काय केलंय ते इथं लिहिण्यासारखं नाही.
बाय द वे शनिवारी गोंदवल्याला जायचंय, दुपारच्या प्रसादाला किती वाजेपर्यंत पोचावं?

टिंब_टिंब
मी जरा कडू बोलतो. 'जुनं वाटतं' हे वरवरचं कारण असतं. ज्ञानेश्वर, तुकाराम, एकनाथ कुठल्याही घरात चालतात. सावता म्हटलं की लोक माळी धरून चालतात, नरहरी म्हटलं की सोनार. आणि चोखोबा? मंगळवेढा इथून काही लांब नाही, अभंग सगळे डोळे मिटून गातात. पण पोराचं नाव चोखा ठेवलेलं किती घरं दाखवाल? माझ्या आजोबांचं होतं. गावात कोणी त्यांना पूर्ण नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही.

फलटणची_सून
बरं झालं लिहिलंत.

समर्थभक्त_७१
एक दुरुस्ती म्हणून सांगतो. समर्थांचं घरचं नाव नारायण, जांबचे ठोसर. रामदास हे नंतरचं. त्यामुळे संतांचं नाव म्हणून नारायणही ठेवता येईल.

वाळव्याचा_पैलवान
काका, दुरुस्ती कशाची केली? कुणी काय चुकीचं लिहिलंच न्हवतं की

कृष्णाकाठची
आले. टिंब_टिंब, तुमचं वाचून थांबलेच. आम्ही माळी नाही. काल आई दोनदा म्हणाली, "लोक काय समजतील." मी म्हटलं, काय समजतील? तर उठून दूध तापवायला गेली. एरवी हीच 'कांदा मुळा भाजी, अवघी विठाई माझी' म्हणत भाजी निवडते! वहिनी गप्प होती, म्हणजे तिला सगळं कळलेलं. आता वहिनीच्या बाजूनं मी.

टिंब_टिंब
मग ठेवाच. आणि आईंवर चिडू नका, बहुतेक घरांत असंच आहे.

नोंदणीवाला
एकमत नसेल तर घाई नको. जन्माची नोंद २१ दिवसांत करा, दाखल्यावर नाव नंतर घालता येतं. वर्षाच्या आत फी नाही, पुढे लेट फी भरून १५ वर्षांपर्यंत. आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांना बाळाच्या नावापुढे आधी आईचं, मग वडिलांचं नाव लागतं. म्हणजे सावतापुढे पहिलं नाव वहिनींचंच.

कृष्णाकाठची
हे दादाला फॉरवर्ड केलं 😄 त्याचं उत्तर: "मग रिआनचं काय?"

वेणू_मिरज
पाळण्यात घालून टाका. गोविंद घ्या, गोपाळ घ्या, रिआन घ्या. दाखल्यावर नको.

विट्याच्या_बाई
अहो गोंदवल्याचं कोणी सांगेल का??

फलटणची_सून
बारापर्यंत पोचा, शनिवारी रांग असते. मायणी-दहिवडीवरून जा. आणि मुलं बरोबर असतील तर त्यांना काहीतरी खायला घालूनच न्या, आमचा छोटा रांगेत आडवा झाला होता.