'ट्रान्झिशन'ला सीआयएचा पैसा मिळाला, म्हणून ते सीआयएचं झालं का?

जुनीपानं:
१९६१ साली, युगांडा स्वतंत्र होण्याच्याही आधी, रजत नियोगी या २२ वर्षांच्या तिथल्याच बंगाली तरुणानं कंपालात 'ट्रान्झिशन' हे नियतकालिक काढलं. पुढे 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम' या पॅरिसच्या संस्थेनं त्याला पैसे दिले. १९६६-६७मध्ये उघड झालं की त्या संस्थेमागे सीआयए होती. तेव्हापासून सगळी चर्चा तिथेच अडते. मला हा अन्याय वाटतो. छापलं काय ते बघा ना! १९६२ला याच संस्थेच्या पैशातून कंपालातल्या मकेरेरे विद्यापीठात इंग्रजीतून लिहिणाऱ्या आफ्रिकी लेखकांची परिषद भरली. पुढच्याच वर्षी नायजेरियाचे समीक्षक ओबी वाली यांनी 'ट्रान्झिशन'मध्ये त्या परिषदेवरच झोड उठवली. युरोपी भाषांत लिहिलेलं आफ्रिकी साहित्य ही बंद गल्ली आहे, असं त्यांचं म्हणणं. पैसे देणाऱ्याला न आवडणारा लेख छापायला धमक लागते.

काळीमाती:
असहमत. सीआयएला ओळ न् ओळ तपासायची गरजच नव्हती. मॉस्कोकडे न झुकणारा, इंग्रजीतून वाद घालणारा वर्ग तयार झाला की त्यांचं काम झालं. वालींचा लेखसुद्धा इंग्रजीतच आहे! शिवाय १९६६ला घानाचे राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांची सत्ता उलथली, आणि त्याच वर्षी केनियाचे राज्यशास्त्रज्ञ अली मजरुई यांनी 'ट्रान्झिशन'मध्येच त्यांना 'लेनिनवादी झार' ठरवलं.

जुनीपानं:
मजरुईंच्या लेखावर चिडलेल्या वाचकांची पत्रंही छापली गेली. पत्रव्यवहार हाच तर त्या अंकांचा जीव होता. आता १९६८ बघा. न्यायाधीशपदांवर आफ्रिकी माणसं नेमायला उशीर का, असं विचारणारं युगांडाचे खासदार अबू मायांजा यांचं पत्र छापलं म्हणून युगांडाचे राष्ट्राध्यक्ष ओबोटे यांच्या सरकारनं नियोगी आणि मायांजा दोघांनाही तुरुंगात टाकलं. राजद्रोहातून निर्दोष सुटले, तरी लगेच पुन्हा स्थानबद्ध!

काळीमाती:
तुरुंगवासानं धैर्य सिद्ध होतं, ते मी नाकारत नाही. पण वाचकाला पैशाचा उगम कळायला हवा होता. तो लपवला गेला. मुंबईचं 'क्वेस्ट' हे इंग्रजी नियतकालिक त्याच संस्थेच्या आधारानं निघालं, निस्सीम इझिकेल पहिले संपादक. त्याच मुंबईत साठच्या दशकात आपली मराठी अनियतकालिकं (लिटल मॅगझिन्स) पदरमोड करून निघाली. अंक कमी निघाले, पण कोणाचे पैसे हा प्रश्नच उरला नाही.

सावलीतला:
पदरमोडीवर अख्ख्या खंडातले लेखक एका अंकात आणता येतात का? नायजेरियाचा क्रिस्टोफर ओकिग्बो 'ट्रान्झिशन'चा पश्चिम आफ्रिकेतला संपादक होता. कंपाला ते इबादान टपाल, छपाई, मानधन, हे कोण देणार होतं?

काळीमाती:
वाचकांनी. नाहीतर लहान अंक काढायचा. १९४७पासून 'प्रेझाँस आफ्रिकेन' हे आफ्रिकी लेखकांचं नियतकालिक निघतच होतं.

जुनीपानं:
तेही पॅरिसहूनच, आणि फ्रेंचमधून! असो. वाचकाची फसवणूक झाली, हे मान्य. पण नियोगींचीही झाली. पैसा कुठला ते त्यांना माहीत नव्हतं, असं त्यांनी सांगितलं. तुरुंगातून सुटले तोवर नागरिकत्वही गेलं होतं. १९७१ला अंक घानातल्या अक्राहून पुन्हा निघाला, पुढे नायजेरियाचे लेखक वोले सोयिंका संपादक झाले, १९७६ला बंद पडला. १९९१पासून तो अमेरिकेतून निघतो, आज हार्वर्डच्या छत्राखाली. काळीमाती, आता पैसा उघड आहे, पण कंपाला सुटलं. तुमच्या हिशोबात हे बरं झालं का?

काळीमाती:
नाही. ते मलाही खुपतं.