विंडोजचं सॉफ्टवेअर लिनक्सवर: वाइन वापरावं की टाळावं?

अनवट (धागाकर्ता)

विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार (दुरुस्त्या, अपडेट) 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला संगणकात टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं. ते नसलेले, पण बाकी धडधाकट असलेले संगणक दुकानांत, दवाखान्यांत, छोट्या छापखान्यांत अजून आहेत. त्यांवर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टम टाका म्हटलं की लोक आधी विचारतात, "आमचं अमुक सॉफ्टवेअर चालेल का?" त्यावर लिनक्सवाल्यांपैकी बरेचजण एकच उत्तर देतात: ते सोडा, लिनक्ससाठी बनलेलं दुसरं घ्या.

मला हे उत्तर अन्यायाचं वाटतं. दहा-पंधरा वर्षं एकाच सॉफ्टवेअरवर हात बसलेल्या माणसाला तुम्ही सगळं नव्याने शीक म्हणता आणि वर त्याला स्वातंत्र्याचं नाव देता. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं वाइन त्याच्यासाठीच आहे. 1993 पासून हा प्रकल्प चालू आहे. वाइनमध्ये दुसरा संगणक किंवा दुसरी विंडोज चालत नाही. विंडोजचा प्रोग्राम "ही फाईल उघड" असं ज्या पद्धतीने सांगतो ते वाइन ऐकतं आणि तेच काम लिनक्सकडून करून घेतं. त्यासाठी विंडोजच्या डीएलएल (प्रोग्रामना लागणाऱ्या सामायिक कोडच्या फायली) वाइनवाल्यांनी स्वतः नव्याने लिहिल्या आहेत. प्रोसेसर तोच असल्यामुळे वेग फारसा घटत नाही. घरच्या फोल्डरमध्ये 'डॉट वाइन' नावाचं एक लपलेलं फोल्डर तयार होतं. ते उघडून बघा, आत 'ड्राइव्ह सी' आणि त्यात 'प्रोग्राम फाइल्स' सापडेल. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांची नोंदवही, सुद्धा साध्या टेक्स्ट फायलींत असते, कुठल्याही एडिटरमध्ये वाचता येते. विंडोजची परवान्याची प्रत लागत नाही.

माझं मत सरळ आहे. लिनक्सवर आलेल्या माणसाचं रोजचं काम आधी चालू राहिलं पाहिजे. बाकी सगळं नंतर.

दगडफूल

हेतू चांगला आहे, पण इतिहास तुमच्या विरोधात आहे. आयबीएमची ओएस/2 ही ऑपरेटिंग सिस्टम आठवा. 1992 च्या 2.0 आवृत्तीपासून विंडोजचे प्रोग्राम तिच्यावर उत्तम चालायचे आणि आयबीएम ते अभिमानाने सांगायची. मग सॉफ्टवेअर कंपन्यांनी ओएस/2 साठी वेगळं कशाला लिहायचं? विंडोजसाठी लिहिलं की दोन्हीकडे खपतंय! पुढे विंडोज 95 चे प्रोग्राम आले, ते काही ओएस/2 वर चालेनात, आणि तिच्याकडे स्वतःचं असं फार थोडं उरलं. ओएस/2 मागे पडण्याची कारणं आणखीही होती, पण हे छोटं नव्हतं.

वाइन म्हणजे कायम दुसऱ्याच्या मागून धावणं. मायक्रोसॉफ्टने काही बदललं की वाइनने ते गाठायचं. तोवर तुमचं "रोजचं काम" अडलेलं.

शाईदौत

मी डीटीपी करतो, म्हणून कामापुरतं बोलतो. आमच्या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरला डाँगल आहे, म्हणजे यूएसबीत खोचायची परवान्याची किल्ली. वाइनमध्ये सॉफ्टवेअर बसलं, खिडकीही उघडली, पण डाँगल दिसेना. कारण डाँगलचा ड्रायव्हर विंडोजच्या कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यात) बसतो, आणि वाइनखाली विंडोजचं कर्नल नसतंच. दिवाळी अंकाची पानं अर्धी लागलेली असताना असले प्रयोग करायचे का? गिऱ्हाईक पानं मागतं, ऑपरेटिंग सिस्टमची चौकशी करत नाही.

अनवट

शाईदौत, डाँगलचं तुमचं म्हणणं खरं आहे. तिथे व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातल्या आभासी संगणकात) विंडोज टाकून यूएसबी आत सोडावी लागते. पण मग विंडोजचा परवाना आला, रॅमही जास्त आली, म्हणजे मूळ हेतूच गेला. वाइन सगळ्यावरचा उपाय आहे असा माझा दावा नाही.

दगडफूल, तुमच्या उदाहरणासमोर मी लोकी सॉफ्टवेअर ठेवतो. या कंपनीने विंडोजचे खेळ खास लिनक्ससाठी बांधून विकले, अगदी तुम्हाला हवं तसं. जानेवारी 2002 मध्ये ती बंद पडली. माणसंच कमी, तर विकत घेणार कोण? मग ऑगस्ट 2018 मध्ये व्हॉल्व्ह या खेळांच्या कंपनीने विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारं, वाइनवर बेतलेलं प्रोटॉन आणलं. विंडोजच्या खेळांतल्या चित्रांसाठीच्या डायरेक्ट एक्सच्या आज्ञा लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कनमध्ये बदलणारं डीएक्सव्हीके त्यात घातलं. 2022 मध्ये त्याच जोरावर स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा संगणक बाजारात आला, आणि तो लिनक्सवर चालतो. आधी माणसं आली पाहिजेत. माणसं नसलेल्या जागी कोणी दुकान थाटत नाही.

दगडफूल

स्टीम डेकमागे व्हॉल्व्हसारखी श्रीमंत कंपनी आहे. मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरसाठी असा पैसा कोण ओतणार? आणि खेळांतही सगळं आलबेल नाही. व्हॅलोरंट या खेळाची फसवणूक-रोधक यंत्रणा विंडोजच्या कर्नलमध्ये बसते, म्हणून तो खेळ प्रोटॉनवर चालत नाही. डाँगलचीच गोष्ट पुन्हा. किल्ली ज्याच्या हातात, तो म्हणेल तेव्हाच दार उघडणार.

अजून एक. मूळ मांडणीत वाइनच्या आत 'झेड' ड्राइव्ह असतो आणि तो लिनक्सच्या मुळाशी, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरशी, जोडलेला असतो. विंडोजचा व्हायरस वाइनमधून चालला तर तुमच्या घरच्या फायलींना हात लावू शकतो. लिनक्स आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

जुनीवही

जुन्या कामाबद्दल कोणीच बोललेलं नाही. 64-बिट विंडोजवर जुने 16-बिट प्रोग्राम चालतच नाहीत. 64-बिट लिनक्सवर वाइनमध्ये त्यांतले बरेच चालतात. विंडोज 3.1 च्या काळातलं सॉफ्टवेअर आणि त्यात अडकलेला मजकूर आज बाहेर काढायचा असेल, तर मायक्रोसॉफ्टपेक्षा वाइन जास्त उपयोगी पडतं. ज्यांच्याकडे संस्थेचे जुने अहवाल आणि अंक पडून आहेत त्यांनी याचा विचार करावा.

दगडफूल

त्यासाठीही प्रोग्राम चालवत ठेवण्यापेक्षा फाईलच वाचता यायला हवी. पानं लावायच्या जुन्या पेजमेकरच्या फायली लिब्रेऑफिस हे मोफत ऑफिस सॉफ्टवेअर उघडतं, 2015 पासून. वाइनची गरज नाही.

शाईदौत

उघडतं, पण मराठीचं काय होतं ते बघा. आमच्या जुन्या फायली युनिकोडमध्ये (आजच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीत) नाहीत. पडद्यावर "महाराष्ट्र" दिसतं आणि आत रोमन अक्षरं, आकडे, चिन्हं यांची खिचडी असते. तो फाँट लिनक्सवर बसवला तर पान वाचता येईल, पण शोध घेतला तर एक शब्द सापडणार नाही. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी सोय आमच्या त्या डाँगलवाल्या सॉफ्टवेअरमध्येच आहे, आणि ती विंडोजवरच चालते.

म्हणून मी ठरवलंय: विंडोज 10 चं जुनं मशीन डाँगलसकट ठेवणार, इंटरनेट काढून टाकणार आणि त्यावर फक्त रूपांतराचं काम करणार. नवी पानं युनिकोडमध्ये, लिनक्सवर, स्क्रायबस या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावून बघतो. पहिला अंक छोटाच घेईन. जोडाक्षरं आणि शब्द तोडणं नीट जमलं तर पुढचं काम तिकडे नेतो.

अनवट

रूपांतर करताना रफार आणि पोटफोड्या ष यांच्याकडे लक्ष ठेवा, जुन्या फाँटांतून येताना तिथेच घोळ होतो. मूळ फायलींची एक प्रत हात न लावता बाजूला ठेवा. बाकी वाइनबद्दल माझं मत तेच आहे. डाँगल नसलेलं सॉफ्टवेअर ज्यांच्याकडे आहे त्यांनी एकदा चालवून बघावं, आणि काय अडलं ते इथे सॉफ्टवेअरच्या आवृत्तीसकट लिहावं.