संशोधनातील लोकसहभाग: प्रश्नावली भरून घेतली की सहभाग झाला का?

प्रश्न:
नमस्कार. भूजलाच्या शाश्वत वापरावर मी प्रबंध लिहीत आहे. आराखड्यात 'लोकसहभाग' असे एक प्रकरण असून विहीरमालकांकडून प्रश्नावली भरून घेणे आणि शेवटी एक सभा घेऊन निष्कर्ष सांगणे, एवढेच त्यात आहे. मार्गदर्शकांना हे पुरेसे वाटते, परंतु माझ्या मनाचे समाधान होत नाही. संशोधनाचा प्रश्न ठरवण्यातच लोकांना सामील करून घेतले, तर वस्तुनिष्ठतेला बाधा येते का? अनुभवी सदस्यांनी कृपया लिहावे.

उत्तर १:
आपली अस्वस्थता रास्त आहे. अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात माहिती देणे ही तिसरी आणि मत विचारणे ही चौथी पायरी असून या दोन्हींची गणना त्यांनी नाममात्र सहभागात केली. भागीदारी सहाव्या पायरीवर येते. आपला आराखडा चौथ्या पायरीपाशीच थांबतो.

वस्तुनिष्ठतेविषयी म्हणाल, तर प्रश्न कोणी ठरवला आणि मोजमाप कसे केले, या दोन गोष्टींची गल्लत करू नये. माझ्या एका अभ्यासात महिन्यातून एकदा विहिरींची पाणीपातळी मोजायची, असे मी ठरवून गेलो होतो. पहिल्याच बैठकीत लोकांनी विचारले, की शेजारच्या विहिरीवरचा पंप सुरू झाला की आमच्या विहिरीचे पाणी उतरते, ते त्या उपशामुळेच का? मासिक नोंदींतून याचे उत्तर मिळणे शक्यच नव्हते. त्यासाठी पंप किती तास चालला याची नोंद ठेवून त्याच वेळी आसपासच्या विहिरींची पातळी पुन्हा पुन्हा मोजावी लागली. लोकांच्या प्रश्नामुळे मोजमाप सैल होण्याऐवजी अधिक काटेकोर झाले, आणि नोंदी त्यांनीच घेतल्यामुळे जे आकडे मला एकट्याला कधीच मिळाले नसते ते मिळाले.

उत्तर २:
वरील मताशी सहमत असलो, तरी एक हरकत नोंदवतो. 'लोक' म्हणजे कोण? विहीरमालकांनाच विचारले, तर ज्यांच्याकडे विहीर नाही, जे मजुरी करतात, ज्या स्त्रिया घरासाठी पाणी भरतात, त्या सर्वांचा प्रश्न अभ्यासात येणारच नाही. भर सभेत वजनदार माणसे बोलतात आणि इतर मान डोलावतात. त्यालाच आपण एकमत समजतो, ही माझ्या मते सहभागी संशोधनातील सर्वात मोठी चूक आहे. रॉबर्ट चेंबर्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी पुढे आणलेल्या सहभागी मूल्यांकनाच्या पद्धतींत लोक स्वतः जमिनीवर नकाशा काढतात. असे नकाशे स्त्री-पुरुषांकडून आणि मालक-मजुरांकडून स्वतंत्रपणे काढून घ्यावेत; त्यांच्यातील तफावत हीच मौल्यवान माहिती असते. शिवाय रोज नोंदी घेणाऱ्यांचा वेळ फुकट समजू नये, मानधनाची तरतूद आराखड्यातच असावी.

उत्तर ३:
माहितीच्या मालकीचा मुद्दा राहून गेला आहे. दक्षिण आफ्रिकेतील सान या आदिवासी लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली आणि आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी व कार्यपद्धती या पाच बाबी त्यांच्यासमोर ठेवल्या. जे समाज वर्षानुवर्षे केवळ अभ्यासाचा विषय होते, त्यांनीच अटी ठरवल्या, हे मला फार मोलाचे वाटते. आपल्या अभ्यासात कोणाच्या विहिरीला किती पाणी आहे, हे नावानिशी छापले गेले, तर भांडणेही होऊ शकतात. काय प्रसिद्ध करायचे आणि मूळ नोंदी कोणाकडे राहतील, हे पहिल्या मोजणीपूर्वीच लेखी ठरवावे.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. प्रश्नावली तूर्त बाजूला ठेवली आहे. पहिली बैठक विहीर नसलेल्या कुटुंबांबरोबर घेत असून नोंदींच्या मालकीचा मसुदाही तिथेच वाचून दाखवणार आहे. मानधनाची रक्कम मात्र मार्गदर्शकांकडून मंजूर करून घ्यावी लागेल. त्यासाठी उत्तर १ मधील पंपाच्या नोंदींचे उदाहरण त्यांच्यासमोर मांडले तर चालेल ना?