सायक्लोहेक्झिन ८३ ऐवजी ६९ अंशांनाच उतरतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये टी.वाय. बी.एस्सी. केमिस्ट्रीला आहे. सायक्लोहेक्झॅनॉलपासून सायक्लोहेक्झिनचं प्रॅक्टिकल चालू आहे. २० ग्रॅम सायक्लोहेक्झॅनॉल, ८५ टक्के फॉस्फोरिक ॲसिड, आणि तयार होईल तसं डिस्टिल करून काढायचं. पुस्तकात उत्कलनबिंदू ८३ अंश. आमचा पारा ६९-७० ला जो चिकटतो तो हलतच नाही, आणि कंडेन्सरमधून दुधट थेंब पडत राहतात. थर्मामीटर बदलून झाला, बल्बही साइड आर्मसमोरच आहे. पार्टनर म्हणतो, नाशिक उंचावर आहे म्हणून. मला पटत नाही. जर्नलमध्ये काय लिहू? आणि सल्फ्युरिक ॲसिड वापरलं तर लवकर उरकेल का? सोमवारी व्हायवा आहे.

प्रतिसाद १: थर्मामीटरला दोष नको. पार्टनरचंही अगदीच चूक नाही, पण सहाशेएक मीटर उंचीने जेमतेम दोन अंश कमी होतात. बाकीचे पाण्यामुळे. सायक्लोहेक्झॅनॉलमधून सुटलेलं पाणी सायक्लोहेक्झिनसोबतच वर येतं, आणि दोघांचं ॲझिओट्रोप (म्हणजे ठरावीक प्रमाणात एकत्रच उकळणारं मिश्रण) ७१ च्या आसपास उकळतं. त्यात साधारण दहावा हिस्सा पाणी. खाली गार झालं की ते फुटून वेगळं होतं, म्हणून थेंब दुधट. येऊ दे तसंच! रिॲक्शन रिव्हर्सिबल आहे, म्हणजे उलटीही फिरते, दोन्ही बाहेर काढत राहिलं तरच पुढे सरकते. फक्त आच वाढवू नकोस, नाहीतर न बदललेलं सायक्लोहेक्झॅनॉलही पाण्याबरोबर ९८ च्या सुमारास उतरायला लागतं.

नंतर सोडियम कार्बोनेटने धुवून, मिठाच्या पाण्याने धुवून, निर्जल कॅल्शियम क्लोराइडवर नितळ होईपर्यंत ठेव. पुन्हा डिस्टिल केलंस की ८१ च्या जवळ येईल. जर्नलमध्ये दोन्ही आकडे कारणासकट लिही, परीक्षक नक्की तिथेच विचारतील.

सल्फ्युरिकच्या नादी लागू नकोस. फ्लास्कमध्ये काळं डांबर, वर सल्फर डायऑक्साइडचा वास, आणि घासत बसणार तूच.

धागाकर्ता: ताई, खूप आभार! यील्ड (किती टक्के माल हाती आला ते) कशावर मोजायचं?

प्रतिसाद १: २० ग्रॅमवर थिऑरेटिकल १६.४ ग्रॅम.

प्रतिसाद २: एक भर घालतो. सायक्लोहेक्झॅनॉल २५ अंशांच्या आसपासच गोठतं, इथल्या थंडीत सकाळी बाटलीत दगड झालेलं असतं. बाटली कोमट पाण्यात धरा आणि थेट फ्लास्कमध्येच वजन करा. मेजरिंग सिलिंडरला जे चिकटून राहतं, ते यील्डमधूनच जातं.