‘चढली’, ‘झाली’, ‘लागली’: दारू जास्त झाल्याचं स्वतःपुरतं मराठीत काय म्हणायचं?

लालबागची
आमची सोसायटी आणि शेजारच्या दोन चाळी मिळून एक मंडळ आहे. गटारीच्या आधी घरोघरी वाटायला एक पानी पत्रक काढतोय. मूळ मजकूर इंग्रजी, मराठी करायचं काम माझ्याकडे आलंय. विषय सरळ आहे: आपल्याला दारू जास्त झालीय हे आपलं आपण कसं ओळखायचं. आणि मी मथळ्यालाच अडकले.

‘आपण अतिमद्यपान केले आहे का?’ असं छापलं तर वाचणारा म्हणेल, हे माझ्यासाठी नाही. ‘तुम्हाला चढली आहे का?’ केलं, तर मंडळातले एक काका म्हणाले, चढणं वेगळं आणि जास्त होणं वेगळं, चढावी म्हणूनच तर पितात. ‘तुम्हाला जास्त झाली आहे का?’ याकडे माझा कल होता. सासूबाईंनी कागद हातात घेऊन विचारलं, ‘काय जास्त झाली?’

मग वही घेऊन शब्द लिहीत बसले. झिंगलेला, तर्र, टुन्न, टल्ली, टाईट, फुल्ल, आउट, मद्यधुंद, बेवडा, तळीराम. पान भरलं. तेव्हा लक्षात आलं की यातला एकही शब्द माणूस स्वतःबद्दल त्या वेळी म्हणत नाही. ‘मी तर्र आहे’ असं कुणाच्या तोंडून ऐकलंय का? सगळे शब्द दुसऱ्याकडे बोट दाखवणारे. स्वतःसाठी एकच वाक्य कानावर येतं: ‘मला अजून चढली नाही.’

प्यायलेल्या माणसाने स्वतःला विचारायचा प्रश्न मराठीत कसा मांडायचा? छपाई शुक्रवारी आहे.

कांजूरमार्ग
ताई, ‘ओव्हर झाली’ लिहा. आमच्यात सगळे तेच म्हणतात आणि स्वतःबद्दलही म्हणतात. ‘काल मला ओव्हर झाली.’

लालबागची
‘काल’ म्हणतात, बरोबर. तेच माझं दुखणं आहे. दुसऱ्या दिवशी म्हणतात.

अनुस्वार
‘ओव्हर’ छापू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे शब्द असताना उधारी का? सोपा शब्द आहे: अंमल. ‘तुमच्यावर दारूचा अंमल चढला आहे का?’ ‘मद्याच्या अंमलाखाली वाहन चालवणे’ हे पोलिसी मराठीतही चालतं. अंमल म्हणजे राज्य, सत्ता. तुमच्यावर राज्य कोण करतंय, तुम्ही की ती? मथळा म्हणून याहून नेमका शब्द मिळणार नाही.

वसईकर
अंमल अरबी आहे हो. आणि दारू फारसी. फारसीत दारू म्हणजे औषध, आपल्या ‘दवादारू’त तो अर्थ अजून शाबूत आहे. नशाही तिकडूनच आली. उधारी नको म्हटलं तर पत्रकात ‘मद्य’ तेवढं उरेल.

अनुस्वार
जे शब्द शतकानुशतकं मुरले ते आपले झाले. ‘ओव्हर’ मुरलेला नाही. आणि ‘मद्य’ उरलं तर वाईट काय? मद् या धातूचं घराणं बघा. मद्य, मदिरा, मत्त, उन्मत्त. माद्यति वरून आपलं माजणे. आणि त्याच धातूचा प्रमाद. प्रमाद म्हणजे नुसती चूक नाही, अवधान सुटणं. लालबागची म्हणतात ते ‘जास्त होणं’ म्हणजे हेच. पाय लटपटण्याच्या आधी अवधान सुटतं, हे आपल्या पूर्वजांनी शब्दातच नोंदवून ठेवलंय.

रात्रपाळी
मी डॉक्टर आहे, मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्री असते. व्युत्पत्तीतलं मला कळत नाही, पण अनुस्वार यांचं शेवटचं वाक्य वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे. सगळ्यात आधी जातो तो विवेक. जीभ जड होणं, झोक जाणं, एकाचे दोन दिसणं हे सगळं नंतरचं. म्हणून ‘मला चढली नाही’ हे वाक्य ज्या मेंदूतून निघतं, त्याच मेंदूवर परिणाम आधी झालेला असतो. लालबागची, तुमची अडचण फक्त भाषेची नाही.

‘चढणे’ या क्रियापदाने फार नुकसान केलंय असं मला मनापासून वाटतं. वाहन चालवताना कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल, मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. एवढ्यावर बहुतेकांना ‘चढली’ असं वाटतही नाही. ३० मिलिच्या व्हिस्कीच्या पेगात साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं, ते निपटायला यकृताला साधारण एक तास लागतो. कॉफी, लिंबू, गार पाण्याची आंघोळ, कशानेही हा तास कमी होत नाही. माणूस जागा होतो, पण रक्तात तेवढीच राहते.

आणि ‘किती घेतली?’ विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘दोनच’. ते नेहमी खोटं बोलत असतात असंही नाही. तिसऱ्यापासून मोजणं सुटलेलं असतं.

कांजूरमार्ग
मागच्या एकतीस डिसेंबरला नाकाबंदीत मला फुंकायला लावलं होतं. मी शपथेवर सांगतो, मला काहीही वाटत नव्हतं. दोन बिअर. आकडा मर्यादेच्या वर आला. डॉक्टर म्हणतात ते मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी लोकलने गेलो असतो.

वसईकर
‘चढणे’ नको असेल तर ‘लागणे’ घ्या. आमच्याकडे ताडी ‘लागते’. पहाटेची नीरा गोड, ऊन चढेल तशी ती फसफसते, आणि दुपारची उन्हात प्यायली की लागते. सुपारी लागते तशी. सुपारी लागली की माणूस स्वतःच म्हणतो, ‘मला लागली’, कानशिलं गरम होतात, घाम फुटतो, खाली बसतो. म्हणजे स्वतःबद्दल त्याच वेळी म्हणायचा शब्द मराठीत आहे. सुपारीला आहे, तर दारूला का नको?

गिरणगाव
वसईकर, ‘लागली’ छापू नका. आमच्या भागात ‘त्याला दारू लागली’ म्हणजे व्यसन लागलं. १९८२ च्या संपानंतर माझ्या वडिलांना दारू लागली, हे वाक्य मी चाळीस वर्षं याच अर्थाने बोलतोय. पत्रकात ‘तुम्हाला लागली आहे का’ वाचून आमच्याकडची बाई वेगळंच समजेल, आणि रडेल.

संपाच्या आधी ते पगाराच्या दिवशी नवटाक मारायचे, कधी पावशेर. ही शेराची मापं, नवटाक म्हणजे पावशेराचं अर्धं. शेर गेला, किलो आला, तरी गुत्त्यावर मापाचं नाव तेच राहिलं. तेव्हा माणूस किती प्यायला हे मापावरून कळायचं. नंतर मापही राहिलं नाही.

आईची स्वतःची परीक्षा होती. दार उघडून ती त्यांच्या तोंडाकडे बघायची नाही. दाराशी खुंट्या होत्या, वडील सदरा काढून तिसऱ्या खुंटीवर अडकवायचे. सदरा पहिल्या फेरीत खुंटीवर बसला तर ताट वाढायची. भिंतीला घासून खाली आला आणि त्यांनी परत उचलला, तर आम्हा भावंडांना आतल्या बाजूला झोपवायची. आणि सदरा पडलाय हे त्यांच्या लक्षातच आलं नाही, तर म्हणायची, ‘आज जड झालीय.’

लालबागची
काका, ‘जड झाली’ हा मला आत्तापर्यंतचा सगळ्यात जवळचा शब्द वाटतो. पचायला जड, पेलायला जड, जीभ जड. सगळं त्यात येतं.

अनुस्वार
‘जड’ उत्तम आहे. मी ‘अंमल’ मागे घेत नाही, पण ‘जड’ला माझा विरोध नाही. फक्त ‘जड झाली’ला कर्ता हवा. ‘दारू जड झाली’.

वसईकर
कर्ता कशाला? कर्ता असो की कर्म, मराठीत या एका बाबतीत नाव गाळायचीच रीत आहे. झाली, चढली, उतरली, लागली, मारली, घेतली. सगळीकडे ‘ती’, आणि नाव कुठेच नाही. ‘तो पितो’ म्हटलं की काय पितो हे कुणी विचारतं का? आणि ‘तो घेतो’ म्हटलं की तोच माणूस एकदम सभ्य होतो. घेणारा आणि पिणारा यांत फरक कपड्यांचा आहे, बाटलीचा नाही.

लालबागची, सासूबाईंचा प्रश्न मात्र लाखमोलाचा आहे. ‘काय जास्त झाली?’ नाव घ्यायचं टाळतो, तिथेच ओळखायचं टाळणं सुरू होतं.

कांजूरमार्ग
विषय निघालाच आहे तर, ‘बेवडा’ कुठून आला? आजोबा म्हणायचे, ‘बे’ म्हणजे दोन. दोनदा गाळलेली ती बेवडा, आणि ती पिणारा तोही बेवडा. पहिल्या धारेची, बेवडा, अशी प्रतवारी.

अनुस्वार
मला ‘बेवड’शी नातं वाटतं. शेतकरी म्हणतात ना, उसाला अमक्या पिकाचं बेवड चांगलं. एका पिकानंतर दुसरं, तसं एका पेल्यावर दुसरा.

वसईकर
ओढूनताणून आहे. शेतातला शब्द भट्टीवर कसा जाईल? दोनदा गाळलेली हेच पटतं.

अनुस्वार
भट्ट्या शेतातच होत्या, साहेब. ऊस काय शहरात पिकत होता? आणि तुमच्या ‘बे’ला पुढचं ‘वडा’ काय, हे तुम्ही सांगितलेलं नाही. तळीरामाचं तसं नाही, तो गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तून आला, मूळ लख्ख माहीत. पण वर्तमानपत्रांनी ‘तळीरामांवर कारवाई’ अशा मथळ्यांत त्याची मौज करून टाकली. नाटकात तो माणसाला बुडवणारा आहे.

कांजूरमार्ग
आणि ‘खुमारी’? गझलेची खुमारी, गप्पांची खुमारी. तिचा दारूशी संबंध आहे का?

वसईकर
पूर्ण आहे. मुळात खुमार म्हणजे दारू उतरल्यावरचा त्रास, डोकेदुखी, मरगळ. मराठीत येता येता ती गोड झाली. म्हणून आज ‘हँगओव्हर’ला आपल्याकडे शब्द नाही. होता तो आपण मैफिलीला देऊन टाकला.

रात्रपाळी
मला तुम्हाला थांबवायचंय, कारण ज्या शब्दाने माणसं मरतात तो अजून आलेलाच नाही. ‘उतरेल.’

‘झोपलाय, झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल.’ उशिरा आणलेल्या रुग्णाबरोबरच्या माणसांकडून हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलंय, तितकं दुसरं कुठलंच नाही. शेवटचा पेला रिकामा झाला म्हणून चढणं थांबत नाही. पोटात असलेली रक्तात जात राहते. माणूस आडवा झाल्यावरही पातळी वाढू शकते. म्हणजे बाहेरून ‘उतरतेय’ असं दिसतं तेव्हा आत चढत असते.

पत्रकात एवढं येऊ द्या: हाक मारून, खांदा हलवून, चिमटा काढून डोळे उघडत नसतील तर ती झोप नाही. श्वास मोजा. मिनिटाला आठपेक्षा कमी, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांची खोट, ओठ निळसर, अंग गार, झोपेत उलटी, यातलं काहीही दिसलं की १०८. तोवर कुशीवर वळवा, उताणं ठेवू नका, एकटं सोडू नका, तोंडात काही घालू नका. आणि हातभट्टीची प्यायल्यावर कुणी ‘धूसर दिसतंय’ म्हणालं तर तो नशा नव्हे. ते मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, असू शकतं. मालाडच्या मालवणीत २०१५ साली शंभरावर माणसं त्यानेच गेली. त्याला सकाळपर्यंत थांबायचं नाही.

लालबागची
डॉक्टर, हे सगळं जसंच्या तसं घेते. मी कारण सांगितलं नव्हतं, आता सांगते. चार वर्षांपूर्वी भांडुपला हळदीच्या रात्री माझा मामेभाऊ गच्चीवर असाच झोपला होता. सगळे ‘उतरेल’ म्हणाले. मीही म्हणाले. त्याच्या घशातून घर्र घर्र येत होतं, आम्हाला ते घोरणं वाटलं. त्याच्या धाकट्या बहिणीला तेवढं वाटलं की दादा असा घोरत नाही. तिने हट्ट केला म्हणून रिक्षा बोलावली. तो वाचला. तिच्याकडेही शब्द नव्हता, ती फक्त ‘हे वेगळंय, हे वेगळंय’ म्हणत होती.

म्हणून मला शब्द हवाय. ‘बेशुद्ध’ म्हटलं की लोकांना सिनेमातली चक्कर आठवते.

वसईकर
‘बेशुद्ध’मध्ये फारसीचा ‘बे’ आणि संस्कृतचं ‘शुद्ध’ कसे एकत्र नांदतात बघा. अनुस्वार, याला काय म्हणाल?

अनुस्वार
मुरलेला म्हणेन. आणि तुमचा बेवड्यातला ‘बे’ हाच फारसी निघाला तर तुमचं गणित संपलं.

वसईकर
तिथे ‘बे’ दोनचाच आहे. ‘बे एके बे’ आपण रोज म्हणत होतो, विसरलात?

कांजूरमार्ग
ताई, मथळ्यात ‘दोनच?’ एवढंच लिहिलं तर? फक्त प्रश्नचिन्ह. जो पिऊन आलाय त्याला कळेल.

लालबागची
आवडलं. पण सासूबाई विचारतील, काय दोन. दोन्ही कागद मंडळापुढे ठेवते, ‘दोनच?’ आणि ‘जड झालीय का?’ गिरणगाव काका, एक नक्की करून द्या. आई वडिलांना ‘तुम्हाला जड झालीय’ असंच म्हणायच्या ना? तोंडावर?

गिरणगाव
नाही गं. ते ती आम्हाला सांगायची, हळू आवाजात. वडिलांना काही म्हणायची नाही. खाली पडलेला सदरा उचलून तिसऱ्या खुंटीला लावायची आणि तांब्या त्यांच्या हाताशी ठेवायची.