परदेशातून ठाण्या-नवी मुंबईच्या घरासाठी गाडी घेतलीत? तुमचे अनुभव लिहा

मंडळी, सुरुवात माझ्यापासून करतो. मी नौपाड्यातला, गेली नऊ वर्षं म्युनिकला. दोन वर्षांपूर्वी आईचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा जायचं आणि यायचं. जाताना रिक्षा मिळायची. येताना आई गळून गेलेली, आणि जवळचं भाडं म्हणून रिक्षावाले नाही म्हणायचे. बाबांनी हे मला कधीच कळू दिलं नाही, शेजारच्या काकूंनी फोनवर सांगितलं. त्याच रात्री मी गाड्या बघायला बसलो.

चूक तिथेच झाली. एअरबॅग, मायलेज, मागचा कॅमेरा, सगळं मी इथे स्क्रीनवर पारखलं. पाडव्याला गाडी घरी आली. मी व्हिडिओ कॉलवर होतो. बाबांनी नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, आईला मागे बसवून गल्लीतून एक फेरी मारून आणली. आणि मग आई उतरायला लागली. सीट खोल होती. तिने एक पाय बाहेर टाकला, दाराच्या चौकटीला हात लावून जोर केला आणि पुन्हा मागे बसली. बाबा हात द्यायला पुढे झाले, पण दाराकडचा हात फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेला, तो ओढायचा नसतो. त्यांना आत वाकून तिचा दुसरा हात धरावा लागला. तिसऱ्या खेपेला ती उभी राहिली. हे आठवड्यातून सहा वेळा होणार, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

सात महिन्यांत ती गाडी विकून उंच सीटची घेतली. पैशाचं नुकसान झालं, पण आई आता सीटवर टेकते आणि पाय आत घेते, कुणाचा हात लागत नाही. म्हणून कळकळीने सांगतो, आधी आईवडिलांना शोरूममध्ये न्या. चार वेळा बसवा, चार वेळा उतरवा. मॉडेल आणि रंग त्यानंतर.

गाडी कुणाच्या नावावर घेतलीत, पैसे कसे भरले, चालवतं कोण, कुठे अडलं? सविस्तर लिहा.

नेरूळ, सध्या दुबई

पैशांचं त्यातल्या त्यात सोपं आहे. एनआरई खात्यातून, म्हणजे परदेशातली कमाई ठेवायच्या भारतातल्या खात्यातून, थेट डीलरच्या खात्यात भरले. गाडी १० लाखांच्या वरची असेल तर डीलर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर, घेतो. तो योग्य पॅनवर जमा झालाय ना, ते बघून घ्या. रिटर्न भरताना तो वळता करून घेता येतो.

खरा प्रश्न नावाचा. मी गाडी बाबांच्या नावावर घेतली. पत्ता त्यांचा, सही त्यांची, ओटीपी त्यांच्या फोनवर, त्यामुळे कुठे काही अडलं नाही. त्यांच्याकडे लायसन्सही चालू होतं. ते महत्त्वाचं, कारण विम्यात मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण असतं, आणि ते लायसन्स असलेल्या मालकालाच मिळतं. गेल्या वर्षी बाबा गेले. २०२१ पासून आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, नॉमिनी लावता येतो, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. मग गाडी वारसाच्या नावावर करायचा फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, बहिणीचं संमतीपत्र, विम्यावरचं नाव बदलणं. माझी पंधरा दिवसांची रजा कागद गोळा करण्यात गेली. त्या दिवसांत मला आईजवळ नुसतं बसून राहायचं होतं. गाडी वडिलांच्या नावावर घेत असाल तर नॉमिनी त्याच वेळी लावा. असं बोलायला जीभ रेटत नाही, मान्य आहे, तरी लावा.

घोडबंदर रोड, सध्या योकोहामा

जपानात गाडी घेताना पोलिसांकडून पार्किंगचा दाखला काढावा लागतो. जागा घरापासून २ किलोमीटरच्या आत हवी. माणूस येऊन बघून जातो. मी तो सगळा सोपस्कार केला होता, आणि तरीही आईवडिलांसाठी गाडी बुक करताना आमच्या टॉवरच्या पार्किंगचा विचार केला नाही. तिथे मशिनवरचं पार्किंग आहे, एकावर एक. खालच्या थराला उंचीची मर्यादा. गाडी उंचीत बसेना. वॉचमनने दाखवलं तेव्हा बाबा गप्प उभे होते. शेवटी शेजाऱ्यांनी आपली वरची जागा बदलून दिली. त्यांचे उपकार विसरणार नाही. बुकिंगआधी कुणाला तरी टेप घेऊन खाली पाठवा. लांबी, रुंदी, उंची, तिन्ही.

सीवूड्स, सध्या सिंगापूर

इथे गाडी ठेवायचा परवानाच मुळी १० वर्षांचा आणि भलताच महाग. त्यामुळे आमच्या कुटुंबाची एकमेव गाडी सीवूड्सला आहे, आम्ही सुट्टीत चालवतो. एकच सांगायचं आहे, आपल्या लायसन्सची तारीख बघा. मुदत संपून वर्ष उलटलं की नूतनीकरणासाठी पुन्हा टेस्ट द्यावी लागते. माझ्यावर ती वेळ आली.

ऐरोली, इथेच

मी परदेशात नाही. पण दादा टोरांटोला, वहिनीही तिकडे, म्हणून धावपळ माझी झाली. दादाने पैसे दिले, त्याची मला कायम जाणीव आहे. पण गाडी दारात आली की पुढे रोज तिच्याकडे कुणाला तरी बघावं लागतं, हे पाठवणाऱ्याने लक्षात घ्यावं.

नोंदणीच्या आधी मी यार्डात जाऊन गाडी पाहिली. चेसिस नंबर कागदाशी ताडला, टायरवरचा बनल्याचा आठवडा वाचला, दिवसाउजेडी रंग बघितला. बिलात ‘हँडलिंग’ म्हणून एक रक्कम होती. ती कशाची, असं विचारल्यावर काढून टाकली. इथवर ठीक. मग पावसाळा आला. आई चालवत नाही, ड्रायव्हर गावी गेलेला, गाडी पाच आठवडे जागेवर. बॅटरी बसली. बॉनेट उघडलं तर उंदरांनी वायर कुरतडलेली, आत चिंध्यांचं घरटं. दुरुस्तीला गाडी ओढून न्यावी लागली, आणि नेमकं त्याच आठवड्यात आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी रिक्षाने जावं लागलं.

आता दर रविवारी सकाळी मी गाडी काढते. आई शेजारी बसते, आम्ही मुलुंड पुलावरून ठाण्याला जातो, कौपीनेश्वराचं दर्शन, तलावपाळीला एक चक्कर, परत. तासाभराचं काम. दादाची तेव्हा शनिवारची रात्र असते. तो फोन लावतो, आई फोन समोर धरून त्याला रस्ता दाखवते.